मशीन अडलं कुठे, ते आधी पाहा

अमेरिकेत नव्याने आलेल्यांचा जुन्या मंडळींना हमखास फोन येतो, "वॉशिंग मशीन बंद पडलंय, कोणाला बोलवू?" न्यू जर्सी, डॅलस, बे एरिया, कुठेही विचारा, संसारात मुरलेली माणसं उलट विचारतात, "घर भाड्याचं आहे ना? मग करार काढा." घरमालकाने दिलेलं मशीन सहसा त्यानेच दुरुस्त करून द्यायचं असतं. तक्रार लेखी टाका आणि स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा. मशीन स्वतःचं असेल तर मात्र पुढचं वाचा, कारण इथला कारागीर नुसतं येऊन बघण्याचेच शंभर डॉलरच्या आसपास घेतो. दुखणं पुष्कळदा दहा डॉलरचंही नसतं.

हात घालण्याआधी प्लग काढायचा आणि मागचे दोन्ही नळ बंद करायचे. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

पण त्याहीआधी निदान. मशीन पाणी भरतं, घुसळतं, पाणी बाहेर टाकतं, पिळतं. यातलं काय अडलंय ते समोर उभं राहून बघा, अर्धं काम तिथेच होतं.

पाणी हळूहळू भरत असेल तर मागचे पाइप सोडवा. ते मशीनला जिथे लागतात तिथे आत छोटी जाळी असते. तिच्यात गंज आणि रेती साचते, आणि बॉयलरमधला गाळ येत असल्यामुळे गरम पाण्याची बाजू बहुधा आधी तुंबते. जुन्या टूथब्रशने घासा. जाळी काढून फेकू मात्र नका, नाहीतर तीच रेती आतल्या व्हॉल्व्हमध्ये जाते. एवढं केलंच आहे तर पाइपही बघून घ्या. काळे रबरी पाइप पाचेक वर्षांनी बदलावेत, स्टीलची जाळी विणलेले घ्यावेत. आणि सुट्टीत भारतात जाताना हे दोन नळ बंद करून जा. फुटलेल्या पाइपाने बेसमेंट भरल्याची एक तरी गोष्ट प्रत्येक मंडळात ऐकायला मिळते.

पाणी भरतानाच निघून जात असेल तर सांडपाण्याचा पाइप भिंतीतल्या नळीत फार खोल खुपसलाय. चार-पाच इंच पुरे, आणि भोवती हवेला जागा ठेवा. चिकटपट्टीने तोंड बंद केलं की पाणी आपोआप ओढलं जातं.

टबात पाणी तसंच राहिलं असेल तर संशय पंपावर. बऱ्याच टॉप लोडरना बाहेरून उघडता येईल असा फिल्टर नसतो, त्यामुळे पाणी तांब्याने उपसून, खाली परात आणि जुनी चादर टाकून पंपाचा पाइप सोडवावा लागतो. आत बाळाचा मोजा सापडतो, नाहीतर साडीची पिन. पाणी गेलंय पण मशीन पिळत नाही, तर झाकणाचं लॉक तपासा. झाकण नीट लागलंय हे मशीनला कळलं नाही तर ते पिळायला घेतच नाही. लॉकला बगल देऊन झाकण उघडं ठेवून मशीन चालवण्याचा जुगाड करू नका, घरात लहान मूल असेल तर मुळीच नको.

जुन्या व्हर्लपूल आणि केनमोर मशीनचं एक ठरलेलं दुखणं आहे. मोटर घुमते, टब ढिम्म. तेव्हा मोटर आणि गिअरबॉक्स जोडणारा प्लास्टिकचा कपलर गेलेला असतो. मशीनखाली रबराचा चुरा पडलेला दिसला की खात्री धरा. भाग स्वस्त असतो आणि तो तुटतो म्हणून गिअरबॉक्स वाचतो. दुसरं, मधल्या खांबाचा वरचा अर्धा भाग हाताने फिरवून बघा. एका बाजूला फिरावा, दुसऱ्या बाजूला अडावा. दोन्हीकडे मोकळा फिरत असेल तर आतले चार छोटे प्लास्टिकचे दात झिजलेत. कपडे खाली ओढले जात नाहीत ते त्यामुळेच. हे दात बदलायला कारागीर कशाला हवा?

मशीन धडधडत जागा सोडत असेल तर आधी वाहतुकीसाठी लावलेले दांडे किंवा फोम काढलाय का बघा. मग पाय फिरवून पाणसळीने समतल करा. एकटी गोधडी टाकू नका, ती एका बाजूला गोळा होते. गादीचं वॉटरप्रूफ कव्हर तर त्याहून वाईट, कारण ते पाणी धरून ठेवतं. अशाच धडधडीने वरचा भाग सुटून माणसांना दुखापत होण्याच्या धोक्यामुळे नोव्हेंबर २०१६मध्ये सॅमसंगची अमेरिकेतली सुमारे २८ लाख टॉप लोडर मशीन रिकॉल झाली होती. म्हणून जुनं मशीन विकत घेताना मॉडेल नंबर सरकारी रिकॉल यादीत तपासून घ्या.

फेस उतू जाऊन मशीन अडत असेल तर एचई लिहिलेला साबणच वापरा, आणि तोही दोन चमचे. भारतातल्या सवयीने मापभर ओतू नका.

पिळताना घरघर मोठी होत चालली असेल आणि खाली तेल गळत असेल तर मात्र खर्च मशीनच्या किमतीच्या जवळ जातो. तिथे नव्याचा विचार करावा. बाकी सुटे भाग मागवताना कंपनीचं नाव सांगून भागत नाही, झाकणाखालच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर लागतो. वायरिंगचा नकाशा आणि चाचणीचे कोड छापलेला कागद बऱ्याच मशीनच्या पत्र्याआड घडी करून ठेवलेला असतो. मशीन उघडलंत की तो आधी शोधा आणि त्याचा फोटो काढून ठेवा.