अर्बुद, अग्नी आणि अयस्कांत : चुंबकीय सूक्ष्मकणांद्वारे तापोपचार

प्रस्तावना

‘लोहाच्या नॅनो कणांनी कर्करोगाची गाठ जाळता येते, मग आपल्या लोहभस्माने का नाही?’ हा प्रश्न खर्डा व परिसरातील रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक आम्हांस अलीकडे वारंवार विचारतात. काही औषधांच्या माहितीपत्रकांतही ‘नॅनो’ हा शब्द सैलपणे वापरलेला दिसतो. याचे नेमके उत्तर वैद्यांपाशी व औषधालयचालकांपाशी असावयास हवे, म्हणून हा लेखनप्रपंच.

शास्त्राधार

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात अर्बुदाचे वर्णन केले असून, कफ व मेद यांच्या आधिक्यामुळे अर्बुदाचा पाक होत नाही असे सांगितले आहे. चिकित्सास्थानाच्या अठराव्या अध्यायात अर्बुदावर शस्त्र, क्षार व अग्नी यांची योजना आहे. दोष शेष राहिल्यास अर्बुद पुन्हा उद्भवते, हा तेथील इशारा विशेष महत्त्वाचा होय. सूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात लोहशल्य काढण्यासाठी अयस्कांताचा, म्हणजे चुंबकाचा, उपयोग सांगितला आहे. अग्नी व अयस्कांत ही दोन्ही साधने अशा रीतीने आपणांस परिचित आहेत. मात्र त्यांचा प्रस्तुत संयोग सर्वस्वी आधुनिक आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

कार्यपद्धती

या उपचारात लोहाच्या ऑक्साइडचे, प्रामुख्याने मॅग्नेटाइटचे, अतिसूक्ष्म कण द्रवात मिसळून सुईने थेट गाठीत सोडतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षावा भाग. हे कण सामान्यतः दहा ते काही दशक नॅनोमीटरचे असतात आणि ते एकमेकांस चिकटू नयेत म्हणून त्यांवर लेप दिलेला असतो. नंतर बाहेरून प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा पालटणारे, चुंबकीय क्षेत्र लावले जाते. क्षेत्राची दिशा सेकंदास लक्षावधी वेळा पालटत असता कणांचे चुंबकत्व तिच्यामागे फिरू पाहते आणि त्या धडपडीत उष्णता निर्माण होते. ऊतीचे तापमान 42 ते 45 अंश सेल्सिअस झाल्यास पेशीतील प्रथिने विघटू लागतात व किरणोत्सर्गाने झालेली हानी भरून काढण्याची पेशीची शक्ती मंदावते. म्हणून हा उपचार बहुधा किरणोपचारास साहाय्यक म्हणून योजतात. बाह्य स्वेदात उष्णता त्वचेकडून आत जाते, येथे ती गाठीतच उत्पन्न होते; मुख्य भेद हाच.

आजवरची वाटचाल

1957 मध्ये अमेरिकेत गिलख्रिस्ट व सहकाऱ्यांनी लसीकाग्रंथी अशा कणांनी तापविण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. बर्लिनच्या मॅगफोर्स कंपनीच्या पद्धतीस 2010 मध्ये युरोपात मेंदूच्या अर्बुदासाठी मान्यता मिळाली. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुनरुद्भव झालेल्या ग्लायोब्लास्टोमाचे 59 रुग्ण होते. त्यांना किरणोपचारही दिले होते. पुनरुद्भवानंतरचे मध्यक आयुर्मान 13.4 महिने आढळले. परंतु तुलनेसाठी स्वतंत्र गट नव्हता. पुढे 2022 मध्ये ही कंपनी दिवाळखोरीत गेली.

महाराष्ट्रातही या विषयावर काम झाले आहे. मुंबईची आय.आय.टी., भाभा अणुसंशोधन केंद्र आणि कोल्हापूरचे डी. वाय. पाटील विद्यापीठ येथे असे कण बनवून त्यांची तापनक्षमता तपासली गेली. कोल्हापूरच्या प्रा. एस. एच. पवार यांच्या गटाने लॅन्थॅनम-स्ट्रॉन्शियम मँगनाइटचे कणही अभ्यासले. अशा पदार्थाचे चुंबकत्व ठराविक तापमानानंतर क्षीण होते, त्यामुळे अतितापास आपोआप आळा बसण्याची शक्यता असते. हे कार्य मुख्यतः प्रयोगशाळेतील आहे.

कणांविना, रेडिओलहरींनी तापविण्याचा उपचार मात्र मुंबईच्या नानावटी रुग्णालयात रुग्णांवर झाला. डॉ. नागराज हुइलगोळ व सहकाऱ्यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या डोके व मान यांच्या कर्करोगाच्या अभ्यासात गाठ पूर्ण नाहीशी होण्याचे प्रमाण केवळ किरणोपचाराने 42.4 टक्के, तर तापासह किरणोपचाराने 78.6 टक्के होते. रुग्णसंख्या मर्यादित असली तरी तंबाखूचे व्यसन असलेल्या आपल्या भागासाठी हा विषय दुर्लक्षिण्याजोगा नाही.

मर्यादा

कण गाठीत सर्वत्र सारखे पसरत नाहीत. जेथे ते पोहोचत नाहीत तेथे ताप अपुरा पडतो व ‘शेष’ उरतो. सुश्रुतांचा इशारा येथे अक्षरशः लागू पडतो. शिवाय क्षेत्राजवळील धातू तापतो, म्हणून बर्लिनच्या पद्धतीत दातांतील धातूची भरणे आधी काढावी लागत. मेंदूत कण राहिल्याने पुढे त्या भागाची एम.आर.आय. तपासणीही करता येत नसे.

लोहभस्माविषयी

लोहभस्मात बहुतांशी हेमॅटाइट असते व त्याचे चुंबकत्व अत्यंत दुर्बल असते. त्याचे कण एकसारख्या आकाराचे नसतात. ते मुखावाटे दिले जाते आणि ते गाठीत जाऊन साठत नाही. वारितर व रेखापूर्ण या परीक्षा भस्माची सूक्ष्मता सांगतात, तापनक्षमता नव्हे. पांडुरोगातील त्याची योजना हा वेगळा विषय आहे. भस्म सुईने टोचण्याचा विचारही कोणी करू नये. त्याचप्रमाणे बाजारातील चुंबकपट्ट्यांचे क्षेत्र स्थिर असते. स्थिर चुंबकाने असा ताप उत्पन्न होत नाही.

व्यवहारातील दक्षता

1. निदान न झालेल्या गाठीवर शेक, स्वेद वा अग्निकर्म करून कालहरण करू नये.

2. तीन आठवड्यांत न भरणारा मुखव्रण, तोंड उघडण्यास अडथळा, स्तनातील गाठ, अकारण रक्तस्राव आढळल्यास रुग्णास त्वरित तपासणीस पाठवावे. खर्ड्याच्या रुग्णांस बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय जवळ आहे. बार्शी, परंडा व भूम तालुक्यांतील गावांची कर्करोग नोंदणी बार्शीहूनच 1987 पासून होत आली आहे.

3. औषधालयचालकांनी ‘नॅनो भस्माने कर्करोग बरा’ अशी जाहिरात लावू नये. 1954 च्या औषधे व जादुई उपाय कायद्याच्या परिशिष्टात कर्करोगाचा स्पष्ट समावेश आहे.

4. चालू उपचारांत पथ्य, बल व अग्निरक्षण यांसाठी आपण साहाय्य करावे, परंतु कर्करोगतज्ज्ञास सर्व औषधांची माहिती द्यावी.

उपसंहार

तत्त्वाचे साम्य म्हणजे औषधाचे साम्य नव्हे. अग्नीने अर्बुद जिंकता येते हे आपल्या आचार्यांनी जाणले होते. तो अग्नी गाठीच्या कणाकणापर्यंत कसा न्यावा, हे कोडे आजही पूर्ण सुटलेले नाही. तोवर आपल्याकडे आलेला रुग्ण वेळेवर योग्य स्थळी पोहोचविणे, हीच आपली पहिली चिकित्सा होय.