लिलावातले डोमेन नाव आणि ट्रेडमार्क

प्रश्न : एक जुने डोमेन नाव मी लिलावात रीतसर विकत घेतले. उद्या कुणी ट्रेडमार्कचा दावा केला, तर जबाबदार विकणारा की मी?

उत्तर : आधी तुम्हीच. डोमेनची नोंदणी करणारा रजिस्ट्रार नाव मोकळे आहे का एवढेच पाहतो. ते कुणाच्या हक्कावर गदा आणते का, हे बघत नाही. उलट, आपण कुणाचा हक्क मोडत नाही अशी हमी नोंदणीच्या करारात तुम्हीच देता (तो करार वाचतो कोण, हा भाग वेगळा!). १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयाने ‘रेडिफ’च्या दाव्यात ‘रॅडिफ डॉट कॉम’ वापरायला मनाई केली. फरक एका अक्षराचा होता, पण गिऱ्हाईक फसायला तेवढा पुरतो. २००४ मध्ये ‘सत्यम इन्फोवे’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही डोमेन नावांना ट्रेडमार्कसारखे संरक्षण मान्य केले.

‘पहिल्या मालकाने नाव ट्रेडमार्कच्या आधीच घेतले होते’ ही सबब सहसा टिकत नाही. डॉट कॉमच्या वादात लवाद हस्तांतराला नवी नोंदणी मानतात आणि तुमचा त्या दिवशीचा हेतू तपासतात. मग नावांचा धंदाच गैर का? मुळीच नाही. ‘ॲपल’ नावावर सफरचंदे विकायला हरकत नसावी; त्याच पानावर मोबाइलच्या जाहिराती आल्या, की हेतू उघडा पडतो. खास त्या कंपनीलाच चढ्या दराने विकायला घेतलेले नावही असेच अंगाशी येते. म्हणून पैसे देण्यापूर्वी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर शोध घ्या आणि विकणाऱ्याकडून लेखी हमी मागा. हमीमुळे फार तर पैसे परत मिळतील, नाव वाचणार नाही.