झोपेचा पहारेकरी

रात्रीचे अकरा वाजले आहेत. घरात निजानीज झाली आहे. ओसरीवर थोरले काका घोरत आहेत. घोरणे असे, की पलीकडच्या आळीत ऐकू जावे. पोरे पांघरुणात तोंड खुपसून हसतात. काकू म्हणतात, "हसू नका रे! दिवसभर राबलेत ते. बघा कशी गाढ झोप लागलीय!"

असे काका पुष्कळ घरांत असतात. पण आम्ही विचारतो, ही झोप खरंच गाढ आहे का?

जरा कान देऊन ऐका. घर्र... घर्र... आणि मध्येच सारे शांत. दहा-पंधरा सेकंद श्वासच नाही. मग एकदम आचका बसतो, काका कूस बदलतात आणि पुन्हा घर्र सुरू होते.

सकाळी काकांना विचारा. ते म्हणतील, "छान झोपलो की!" पण तोंड कोरडे पडलेले असते, डोके जड असते. दुपारी पारावर बसल्या बसल्या डुलकी येते. ट्रॅक्टर चालवताना डोळा लागतो. तसे झाले तर जिवावर बेतते.

हे का होते? झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. जीभ मागे सरते. श्वासाची वाट अरुंद होते. अरुंद वाटेने हवा गेली की घसा थरथरतो. तेच घोरणे. वाट पुरती मिटली की श्वास अडतो. रक्तातला प्राणवायू कमी होतो. मग मेंदू माणसाला क्षणभर जागा करतो आणि वाट मोकळी होते. आजार मोठा असेल तर एका रात्रीत असे शेकडो वेळा होते. माणसाला त्याची आठवणही राहात नाही. डॉक्टर याला 'स्लीप ॲप्निया' म्हणतात. आपण 'श्वास अडणे' म्हणू.

घोरणाऱ्या प्रत्येकाला हा आजार असतोच असे नाही. पण ज्याला असतो त्याचा रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण पडतो. अर्धांगाचा झटका येण्याचा धोकाही वाढतो.

आता अडचण पाहा. झोपलेला माणूस स्वतःची झोप पाहू शकत नाही. मग पहारा कोणी करायचा?

१९२४ साली जर्मनीत हान्स बर्गर नावाच्या डॉक्टरांनी माणसाच्या मेंदूतल्या विजेच्या बारीक लहरी टिपल्या. १९५३ साली अमेरिकेतल्या शिकागो शहरात ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन या दोघांनी आणखी एक गोष्ट दाखवली. झोपेत काही वेळ मिटल्या पापण्यांआड डोळे भराभर फिरतात. म्हणजे झोप सारी एकसारखी नसते, तिचेही प्रकार असतात. पुढे मोठ्या दवाखान्यांत झोपेची तपासणी होऊ लागली. डोक्याला, छातीला, पायांना तारा लावून रोग्याला रात्रभर निजवतात. ही तपासणी पक्की. पण त्यासाठी बहुधा शहरात जावे लागते, पैसा लागतो.

म्हणून शास्त्रज्ञांनी विचार केला, अंगावर घालून घरीच निजता येईल असे यंत्र का करू नये?

कोरोनाच्या साथीत, २०२० साली, घरोघर माणसे तपासायला आली होती. त्यांनी बोटाला एक चिमटा लावला होता, आठवते ना? तो चिमटा रक्तातला प्राणवायू सांगतो. त्याची युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी नावाच्या इंजिनियरने १९७०च्या दशकात शोधून काढली. प्राणवायू भरपूर असला की रक्त लालभडक दिसते, कमी झाला की काळपट. चिमट्यातला दिवा बोटातून उजेड पाठवतो आणि यंत्र हा फरक ओळखते. श्वास अडणाऱ्याने असा चिमटा रात्रभर लावला, तर प्राणवायू किती वेळा खाली गेला ते नोंदले जाते.

आता मनगटी घड्याळे आली आहेत. त्यांच्या पोटाशी हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा उजेड शोषून घेते. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला मनगटात रक्त वाढते आणि परतणारा उजेड कमी होतो. त्यावरून ठोके मोजले जातात. शिवाय हात किती हलला तेही घड्याळ टिपते. हात स्थिर, नाडी संथ, म्हणजे माणूस झोपला असावा, असा त्याचा हिशेब.

पण हा अंदाज आहे, बरं का! चिंतेने डोळा लागत नसेल आणि तुम्ही न हलता पडून राहिलात, तर घड्याळ खुशाल म्हणेल, गडी झोपला. २०२४ साली अमेरिकेच्या सरकारी खात्याने काही घड्याळांना परवानगी दिली. ती श्वास अडत असल्याची शंका कळवण्याची. रोग ठरवण्याची नव्हे. रोग डॉक्टरनेच ठरवायचा.

रोग ठरला तर उपाय आहे का? आहे. पूर्वी आजार फार वाढला तर गळ्याला खालून भोक पाडून श्वासाची वाट करीत. १९८० साली ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरात डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी नवा उपाय केला. रोग्याच्या नाकावर मुखवटा बसवला आणि पंख्याने त्यातून सतत हवा सोडली. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा असली की ती चपटी होत नाही. तसाच घसाही हवेच्या दाबाने उघडा राहिला. १९८१ साली त्यांनी पाच रोग्यांची हकिकत छापली. आज जगभर असे यंत्र वापरतात. मात्र ते रोज रात्री लावावे लागते. काढून ठेवले की श्वास पुन्हा अडतो.

तर मंडळी, घड्याळ झोप देत नाही. ते फक्त पहारा करते. काही माणसे सकाळी उठून आधी घड्याळातला आकडा पाहतात आणि तो कमी दिसला की दिवसभर झुरतात. या नादालाही अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१७ साली एक नाव देऊन टाकले. पहारेकऱ्याच्या भीतीनेच झोप उडायची, मग उपयोग काय?

आणि ज्याच्याकडे घड्याळ नाही त्याने काय करावे? त्याच्या घरात पहारेकरी आहेच. काकूंनी एक रात्र जागावे. हाती वही-पेन्सिल घ्यावी. आता लिहिता येते ना! काका कधी निजले, घोरणे किती वेळा थांबले, किती सेकंद थांबले, दिवसा डुलकी येते का, हे लिहावे. दहा सेकंद किंवा जास्त श्वास थांबला तर डॉक्टर तो मोजतात. तासाला पाच वेळा किंवा अधिक असे होत असेल तर ते आजाराचे लक्षण धरतात. ती वही घेऊन सरकारी दवाखान्यात जावे. डॉक्टरला तिचा मोठा उपयोग होतो.

तोवर काकांनी कुशीवर निजावे. दारू सोडावी. अंग सुटले असेल तर वजन उतरवावे. झोपेची गोळी मनाने घेऊ नये. तिने श्वास आणखी अडू शकतो.

पुढच्या वेळी ओसरीवरचे घोरणे मध्येच थांबले तर हसू नका. सेकंद मोजा. आणि सकाळी काकांना म्हणा, "चला, आज दवाखान्यात जाऊन येऊ."

वाचा आणि सांगा
१. घोरणे म्हणजे गाढ झोप का नव्हे?
२. मनगटावरचे घड्याळ कोणत्या दोन गोष्टी टिपते?
३. तुमच्या घरी कोणी घोरत असेल तर एका रात्रीची नोंद वहीत लिहा.