आजचं चिंतन : पोथीत सापडलेली पावती (गीता, अध्याय 3, श्लोक 11 आणि 12)



दोन्ही पालख्या पुण्यातला मुक्काम आटोपून परवा पुढे गेल्या. माउलींची भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरातून, तुकोबांची नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबा मंदिरातून. दरवर्षीसारखा मी हडपसरपर्यंत चालत गेलो. तिथून माउली दिवे घाटाकडे वळतात, तुकोबा लोणी काळभोरकडे, आणि माझ्यासारखे 'अर्ध्या दिवसाचे वारकरी' लॅपटॉप उघडायला घराकडे.

परत येताना त्याच रस्त्याने आलो. सकाळी ज्या रस्त्यावर टाळ-मृदंग होते, तिथे आता पत्रावळ्या, चहाचे कागदी कप, केळ्याच्या साली आणि एकेकटी चप्पल. महापालिकेचे सफाई कर्मचारी कामाला लागले होते. एका ताईंनी झाडू भिंतीला टेकवला, वाकून रस्त्याला हात लावला, तो कपाळाला लावला, मग झाडायला सुरुवात केली. पालखी गेलेला रस्ता होता ना तो. त्यांचं दर्शन तेवढंच झालं असणार. मी मात्र सकाळी पादुकांना हात लागावा म्हणून चांगली ढकलाढकली करून आलो होतो.

काल रात्री पोथी उघडली तर नेमका तिसरा अध्याय होता. अकराव्या श्लोकात भगवंत सांगतात की तुम्ही यज्ञाने देवांना संतुष्ट करा, देव तुम्हाला संतुष्ट करतील; असं एकमेकांना जपत दोघांचंही भलं होईल. बाराव्यात सूर एकदम बदलतो. जे मिळालं ते परत काहीही न देता जो नुसतं भोगतो, त्याला तिथे सरळ चोर म्हटलं आहे. आळशी नाही, अज्ञानी नाही, चोर!

हा श्लोक मी कॉलेजपासून वाचतोय, आणि देव म्हटल्यावर इंद्र, वरुण, अग्नी अशी चित्रं डोळ्यासमोर यायची. या वेळी वाटलं, माझ्या घरी वरुण कोणाच्या हातून येतो? खडकवासल्याचं पाणी आपल्या नळाला येण्याआधी कोणीतरी पहाटे उठून आपल्या भागाचा व्हॉल्व्ह फिरवलेला असतो. मी त्या माणसाला ओळखत नाही. पाणी आलं नाही त्या दिवशी मात्र त्याला शोधून बोल लावायची माझी तयारी असते.

आमच्या कामात ऑन-कॉल नावाचा प्रकार असतो. रात्री दोनला सर्व्हर पडला तर अलर्ट येतो, फोन येतात, सगळ्यांना तुमचं नाव माहीत होतं. तुम्ही वर्षभर तो पडू दिला नाहीत तर तुम्ही अस्तित्वातच नाही. याबद्दल मी टीममध्ये किती कुरकुर केली आहे! आणि हेच मी रोज पोस्टमन, बस कंडक्टर, सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर, सगळ्यांशी करतो हे लक्षात यायला पस्तिशी यावी लागली.

आता दामाजीपंत आठवा. मंगळवेढ्याचे दामाजी बीदरच्या बहामनी बादशहाचे अधिकारी, म्हणजे चक्क सरकारी नोकर. पंधराव्या शतकातला तो भीषण दुष्काळ. लोक अन्नावाचून मरत असताना सरकारी कोठारं धान्याने भरलेली होती. दामाजींनी ती उघडली. बातमी बीदरला पोचली, धरून आणायला शिपाई सुटले. कथा सांगते की तेव्हा पांडुरंग विठू महार होऊन दरबारात गेला, धान्याची सगळी किंमत मोजून दिली, पावती घेतली आणि ती दामाजींच्या गीतेच्या पोथीत ठेवून दिली.

लहानपणी मला यात मोहरांची थैली आवडायची. आता त्याचा वेष जास्त विचार करायला लावतो. दरबारात जायचं होतं तर तो सरदार होऊ शकला असता, सावकार होऊ शकला असता. तो झाला गावाचा महार. वसुलाची रक्कम ठाण्यावर पोचवणं, निरोप नेणं, राखण करणं ही त्या काळी महारकीची वतनी कामं होती. म्हणजे राज्याच्या उतरंडीतली सगळ्यात खालची नोकरी, आणि कामाच्या मानाने मोबदला नावापुरता. (ही वतनं संपवायला 1958 चा कायदा यावा लागला.) त्याच मंगळवेढ्यात त्याच्याही आधी, 1338 साली, गावकुसाचं बांधकाम कोसळून त्याखाली चोखोबा गेले. भिंत सगळ्या गावाच्या रक्षणाची, आणि चोखोबांना राहायची जागा त्या भिंतीच्या बाहेर. विठोबाने कोणाचं रूप घ्यायचं ठरवलं हे म्हणूनच मला साधं वाटत नाही. आजही पुण्यातले रस्ते आणि गटारं साफ करणारे हात बहुतेक कोणत्या समाजांतून येतात, हे आपण सगळे जाणतो आणि बोलत नाही.

तुमच्यातले काही आता म्हणतील, दादा, सरकारी ऑफिसात कधी गेला आहेस का? गेलो आहे. एका दाखल्यासाठी चार चकरा मारल्यात आणि 'चहापाण्या'चा इशाराही ऐकलाय. बघा ना, प्रेमाने चहा पाजणं ही किती साधी गोष्ट, पण आपण त्या शब्दाचीच वाट लावली. लाच देणारेही आपणच असतो, घाई आपल्यालाच असते. पण ज्याने काम अडवलं त्याचा राग, ज्याने काही न घेता केलं त्याच्यावर का काढायचा? दामाजींच्या काळीही सरकारात सगळेच काही दामाजी नव्हते. दरबारात चुगली करणारेही होतेच की.

खरं सांगायचं तर हे सगळं लिहायला बसलो ते एका वेगळ्याच कारणाने.

महाराष्ट्रातले कोरोनाचे पहिले रुग्ण 9 मार्च 2020 रोजी पुण्यातच सापडले, त्यांना महापालिकेच्या नायडू रुग्णालयात ठेवलं होतं. 22 मार्चला, रविवारी संध्याकाळी पाच वाजता, आम्ही सगळे बाल्कनीत उभे राहून थाळ्या वाजवत होतो. मी आजीची पितळी थाळी घेतली होती. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते खोटं नव्हतं.

आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर एक सिस्टर भाड्याने राहत होत्या. सरकारी दवाखान्यात नोकरी. तीनेक आठवड्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, 'दवाखान्यात काम करणाऱ्या सदस्यांनी कृपया लिफ्ट वापरू नये.' नाव नव्हतं, पण दवाखान्यात काम करणारं दुसरं कोणी नव्हतंच. खाली एकामागून एक अंगठे पडत गेले. त्यात एक माझा होता. नाइट ड्यूटी करून त्या चार मजले चढायच्या, त्यांची पावलं आमच्या दारावरून जाताना ऐकू यायची. दिवाळीच्या आधी त्या घर सोडून गेल्या. सोसायटीची चूक झाली असं म्हणून मी आजवर सुटत आलो, पण अंगठा माझ्याच हाताचा होता.

बारावा श्लोक म्हणूनच टोचला. त्या ज्याला सेवा म्हणत होत्या ती मी घेतली, आणि परत काय दिलं तर चार मजले.

अठराव्या अध्यायात भगवंत म्हणतात की आपल्या वाट्याचं कर्म हीच त्याची पूजा, आणि माउलींनी तिथे कर्माला फुलांची उपमा दिली आहे. मग रोज अशी पूजा करणाऱ्याच्या वाटेत आपण निदान उभं राहू नये. शाल-श्रीफळाचा कार्यक्रम करायचा असेल तर जरूर करा. 21 एप्रिलला नागरी सेवा दिन असतो. पण तिथेही स्टेजवर बहुतेक साहेबच बसतात, झाडूवाल्या ताई खुर्च्या पुसून जातात. त्यापेक्षा नाव विचारा. 'ओ मावशी' म्हणून हाक मारायच्या ऐवजी नावाने. ओला-सुका कचरा खरोखर वेगळा करा, सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर खूण करा. ज्या हातांना तो उघडावा लागतो त्यांच्यासाठी यापेक्षा मोठा सत्कार मला तरी माहीत नाही. आणि एखाद्याने चांगलं काम केलं तर त्याच्या ऑफिसला लेखी कळवा, त्याचं नाव घालून.

मी काल तेच केलं. आमच्या रस्त्यावर नऊ वर्षं झाडणाऱ्या ताईंबद्दल एक पानाचं पत्र लिहिलं आणि त्यांच्या कार्यालयात आवक खिडकीवर दिलं. खिडकीतल्या काकांनी न वाचताच विचारलं, "तक्रार कशाबद्दल?"

"तक्रार नाही काका. आभाराचं आहे."

त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं. मग शेजारच्या टेबलाकडे वळून विचारलं, "अहो, हे कोणत्या विभागाला टाकायचं?" कोणालाच सांगता येईना. शेवटी त्यांनी स्वतःच आरोग्य विभाग लिहिलं, शिक्का मारला आणि माझ्या प्रतीवर पोच दिली. निघताना म्हणाले, "उद्या चहाच्या वेळी त्यांना बोलावून वाचून दाखवतो."

ती पोच मी पोथीत तिसऱ्या अध्यायाशी ठेवली आहे.

सिस्टरांचा नंबर जुन्या ग्रुपमध्ये अजून आहे. काल दोनदा काढला आणि फोन खाली ठेवला. त्यांची सकाळची ड्यूटी असेल तर पाचपर्यंत त्या मोकळ्या होतील. आज पाच वाजता लावतो.

राम कृष्ण हरी.