मेयोनीजची जागा ॲव्होकॅडोला द्या, पण जागाच द्या

टोस्ट सँडविच, फ्रँकी, मोमो, पिझ्झा, एवढेच काय मुलांच्या डब्यातली पोळीची गुंडाळीसुद्धा. मेयोनीज आता सगळीकडे पोहोचले आहे. कच्च्या अंड्यातून साल्मोनेला जिवाणू पोटात जाऊन विषबाधा होऊ शकते, म्हणून केरळने २०२३ मध्ये, तेलंगणने २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजला बंदी घातली. या बातम्यांनंतर अनेक घरांत बिनअंड्याच्या मेयोनीजची बरणी आली आणि लोक निर्धास्त झाले. कुणी एक पाऊल पुढे जाऊन घरच्या घरी ॲव्होकॅडोचा मलईदार सॉस करू लागले. हा सॉस चांगलाच आहे. मात्र त्याचा फायदा मिळतो तो ताटातले काहीतरी काढून त्या जागी तो वाढला तर. आहे त्यावर आणखी एक थर म्हणून तो आला, तर महाग फळ पोटात गेल्याचे समाधान तेवढे मिळेल.

आधी बिनअंड्याच्या बरणीचा विचार करू. मेयोनीज म्हणजे तेलाचे अतिसूक्ष्म थेंब आंबट पाण्यात अडकवून ठेवलेले मिश्रण. तेल आणि पाणी एरवी एकत्र राहत नाहीत. अंड्याच्या बलकातले लेसिथिन त्यांना धरून ठेवते. बिनअंड्याच्या मेयोनीजमध्ये हे काम स्टार्च, डिंकासारखे घट्ट करणारे घटक आणि दुधाचे किंवा सोयाचे प्रथिन करतात. म्हणजे अंडे गेले, विषबाधेचा एक मोठा धोका कमी झाला, पण तेल तिथेच राहिले. पारंपरिक मेयोनीजच्या १०० ग्रॅममध्ये ७५ ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश आणि सुमारे ६८० कॅलरी असतात. बिनअंड्याच्या प्रकारांत हे प्रमाण कमी-जास्त असते, म्हणून बरणीमागचे लेबल वाचावे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिल्या दोन-तीन नावांत तेल आणि पुढे साखर, मीठ दिसले, की बरणीत काय आहे ते कळते. नीट शिजवलेले अंडे हा उत्तम आहार आहे. रोजच्या मेयोनीजमध्ये खरी काळजी करावी ती तेलाच्या आणि मिठाच्या प्रमाणाची.

ॲव्होकॅडोला अंड्याची गरज का लागत नाही, याचे उत्तर त्याच्या गरातच आहे. पिकलेल्या फळाच्या पेशींमध्ये तेल आधीच बारीक थेंबांच्या रूपात असते आणि भोवती पाणी व तंतू असतात. गर वाटला की तो लोण्यासारखा मऊ होतो, वरून तेल घालावे लागत नाही. १०० ग्रॅम गरात सुमारे १६० कॅलरी, १५ ग्रॅम स्निग्धांश, जवळपास ७ ग्रॅम तंतू आणि ४८५ मिलिग्रॅम पोटॅशियम असते, सोडियम नाममात्र. ‘एवढी चरबी असलेले फळ कशाला खायचे?’ ही शंका रास्त आहे. यातला सुमारे दोन तृतीयांश स्निग्धांश शेंगदाणा तेलातही भरपूर असणाऱ्या ओलेइक आम्लासारख्या एकअसंतृप्त प्रकारचा असतो. शिवाय घरच्या सॉसमध्ये दही, लिंबू आणि पाणी मिसळल्यावर एका मोठ्या चमच्याला १८-२० कॅलरी पडतात. तेवढ्याच पारंपरिक मेयोनीजला ९५ च्या आसपास.

कृती सोपी आहे. मध्यम आकाराचे पिकलेले फळ घ्या; देठाजवळ हलके दाबल्यावर ते किंचित दबले पाहिजे. सालीच्या रंगावर विसंबू नका, कारण काही जाती पिकल्यावर काळपट होतात, तर काही हिरव्याच राहतात. फळ कापण्याआधी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, कारण सालीवरचे जिवाणू सुरीबरोबर गरात जातात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने केलेल्या तपासणीत सालीच्या सुमारे १८ टक्के नमुन्यांवर लिस्टेरिया जिवाणू सापडले होते. फळ तळहातावर धरून कोयीत सुरी खुपसू नका, हाताला खोल जखमा होतात. पाटावर ठेवून कापा आणि कोय चमच्याने काढा. साधारण १५० ग्रॅम गर, दोन मोठे चमचे चक्का किंवा घट्ट दही, एक मोठा चमचा लिंबाचा रस, लसणाची एक पाकळी, अर्धा छोटा चमचा मोहरीची पूड आणि पाव छोटा चमचा मीठ मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात घ्या. दोन-तीन मोठे चमचे थंड पाणी थोडे थोडे घालत, चमच्यावरून सावकाश ओघळेल इतपत फिरवा. दूध-दही चालत नसेल तर भिजवलेले सात-आठ काजू घाला. कॅलरी थोड्या वाढतील. हा सॉस गॅसवर गरम करू नका, तापवल्यावर ॲव्होकॅडो कडवट लागतो.

आता पुरावा पाहू. अमेरिकेत १ लाख १० हजारांहून अधिक लोकांच्या आहाराचा तीस वर्षे मागोवा घेणारा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून किमान दोनदा, प्रत्येक वेळी अर्धा ॲव्होकॅडो खाणाऱ्यांमध्ये हृदयाच्या धमन्यांच्या आजाराचे प्रमाण २१ टक्क्यांनी कमी दिसले. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे. असे फळ खाणारी माणसे इतर बाबतीतही जपून राहत असतील, हा आक्षेप मान्य करायलाच हवा. पण त्याच अभ्यासातली पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे. लोणी, मार्गारिन, चीज किंवा प्रक्रिया केलेले मांस यांच्या जागी ॲव्होकॅडो आला, तेव्हा धोका कमी असल्याचे दिसले. सुकामेवा किंवा वनस्पती तेलांच्या जागी आला, तेव्हा वेगळा फायदा दिसला नाही. त्याच वर्षीच्या एका चाचणीत पोटाचा घेर जास्त असलेल्या सुमारे हजार जणांपैकी निम्म्यांना सहा महिने रोज एक ॲव्होकॅडो दिला. पोटाची चरबी घटली नाही, वजनातही फरक पडला नाही, कोलेस्टेरॉल अगदी थोडे उतरले. फळ औषधासारखे काम करत नाही. मेयोनीजसुद्धा वनस्पती तेलाचेच असते, म्हणून इथला मुख्य लाभ कमी कॅलरी, कमी मीठ आणि थोडे तंतू एवढाच आहे, आणि तो जागा बदलली तरच पदरात पडतो.

‘मग नुसते दही का नको? आणि एवढे महाग फळ कशाला?’ दोन्ही प्रश्न योग्य आहेत. कोशिंबिरीतले गाजर-टोमॅटोचे कॅरोटीन शरीरात शोषले जायला थोडा स्निग्धांश लागतो. २००५ मधल्या एका प्रयोगात टोमॅटोच्या साल्सासोबत ॲव्होकॅडो दिल्यावर लायकोपीन हे टोमॅटोतले कॅरोटीनसारखे रंगद्रव्य ४.४ पट जास्त शोषले गेले. पण हे काम दाण्याचे कूट किंवा तेलाची फोडणीही करते. म्हणून ॲव्होकॅडो परवडत नसेल तर मनाला लावून घेऊ नका. चक्क्यात दाण्याचे कूट, लसूण आणि मोहरीची पूड फेटली की पोळीच्या गुंडाळीला लावायला तितकाच चांगला सॉस होतो, आणि हिरव्या चटणीला तर तोडच नाही.

सॉस काळा पडला म्हणजे विषारी झाला असे नाही. हवा लागल्यावर गरातले एक विकर त्याला तपकिरी करते. लिंबाचे आम्ल हा वेग कमी करते. मात्र हिरवा दिसतो म्हणून तो ताजाच आहे असेही समजू नका. ॲव्होकॅडो मुळात फारसा आंबट नाही आणि सॉसमध्ये कच्चा लसूण आहे, त्यामुळे ओट्यावर ठेवलेला सॉस जिवाणूंना पोसतो. स्वच्छ काचेच्या बरणीत काठोकाठ भरा, लगेच फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. उन्हाळ्यात डब्यात देऊ नका.

काहींनी आधी डॉक्टरांना विचारावे. मूत्रपिंडाच्या विकारात पोटॅशियमवर बंधन असेल तर हे फळ जपून खावे. वॉरफॅरिन घेणाऱ्यांनी ‘के’ जीवनसत्त्वाचे रोजचे प्रमाण अचानक बदलू नये. रबराच्या हातमोज्यांची ॲलर्जी असलेल्यांना ॲव्होकॅडोचीही होऊ शकते. ओठ-जीभ खाजली तर खाणे थांबवा आणि श्वासाला त्रास झाला तर तडक रुग्णालय गाठा. ज्यांचे आतडे नाजूक आहे त्यांना जास्त खाल्ल्यास पोटफुगी होते.

बाकी सर्वांसाठी सल्ला एवढाच: माणशी एक-दोन मोठे चमचे पुरेत. आणि ज्या दिवशी हा सॉस वाटाल, त्या दिवशी त्याच सँडविचवर मेयोनीज, लोणी आणि चीज लावू नका. रिकामी झालेली मेयोनीजची बरणी पुन्हा आणली नाही, तर या सॉसने आपले काम केले असे समजा.