बोलून विचारणाऱ्यांसाठी कार्यक्रमाचे पान : हैदराबादच्या मराठी विद्यार्थ्यांपुढचे एक काम

आवाजी शोध म्हणजे फोनला किंवा स्पीकरला बोलून विचारलेला प्रश्न. यंत्र बोलणे ऐकून बहुधा आधी त्याचा लिखित मजकूर करते. तो मजकूर नेहमीच्याच शोधयंत्राकडे जातो आणि सापडलेले उत्तर पडद्यावर दिसते किंवा वाचून दाखवले जाते. ॲपलची सिरी २०११ मध्ये आली, ॲमेझॉनची अलेक्सा २०१४ मध्ये. मराठीच्या दृष्टीने महत्त्वाची वर्षे मात्र वेगळी आहेत. ऑगस्ट २०१७ मध्ये गुगलने मराठी, तेलुगू आणि उर्दूसह आठ भारतीय भाषांत बोलून शोधण्याची सोय केली आणि २०१८ मध्ये गुगल असिस्टंट मराठीत बोलू लागला. हैदराबादच्या नल्लकुंट्यातल्या आजींना आज कीर्तन किती वाजता आहे हे विचारायला आता टाइप करावे लागत नाही. पण त्यांना बरोबर उत्तर मिळायचे, तर ते कुणीतरी यंत्राला समजेल असे लिहून ठेवलेले असावे लागते.

कार्यक्रमांची हैदराबादेत वानवा नाही. नल्लकुंट्याच्या शंकर मठातील नवरात्र, चिक्कडपल्लीच्या त्यागराय गानसभेतील मैफली, विवेकवर्धिनी आणि मराठी ग्रंथसंग्रहालय यांसारख्या जुन्या मराठी संस्थांचे उपक्रम, घराघरांतले आणि मंडळांचे गणेशोत्सव. शिवाय १९३८ पासून चालत आलेली, सहसा १ जानेवारीपासून नामपल्लीला भरणारी नुमाइश, म्हणजे औद्योगिक प्रदर्शन. छोट्या मंडळांच्या कार्यक्रमांची माहिती बहुधा व्हॉट्सॲपवरच्या रंगीत पत्रिकेपलीकडे जात नाही.

समजा, एका मंडळाच्या पत्रिकेवर एवढेच छापले आहे : ‘भाद्रपद शुद्ध पंचमी, सायं. ठीक ६ वा., स्थळ नेहमीचेच.’ सभासदांना एवढे पुरते. शहरात नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाला ते पुरत नाही आणि यंत्राला तर नाहीच. संकेतस्थळावर तीच माहिती ‘मंगळवार, १५ सप्टेंबर २०२६, सायंकाळी ६ वाजता’ अशी उलगडून लिहावी लागते. तिथी जरूर ठेवावी, कारण लोक तिथीनेही विचारतात. पण तिच्याशेजारी इंग्रजी तारीख हवी. स्थळापुढे सभागृहाचे पूर्ण नाव, रस्ता, पिनकोड आणि लोक खरोखर ज्या खुणेने पत्ता सांगतात ती खूण द्यावी. नल्लकुंट्यात ती खूण अनेकदा फीवर हॉस्पिटल ही असते. पत्रिका चित्र म्हणून खुशाल लावावी, पण तिच्यातला प्रत्येक शब्द पानावर मजकूर म्हणूनही असला पाहिजे.

यानंतरचा भाग वाचकाला दिसत नाही. गुगल, बिंग आणि याहू यांनी २०११ मध्ये मिळून एक सामाईक शब्दसंग्रह सुरू केला. त्याचे नाव स्कीमा डॉट ऑर्ग. पानावरची अमुक ओळ कार्यक्रमाचे नाव आहे, अमुक ओळ वेळ आहे, अमुक स्थळ आहे, हे त्यातल्या ठरावीक शब्दांनी यंत्राला सांगता येते. कार्यक्रमासाठी गुगलला नाव, सुरुवातीची वेळ आणि स्थळ या तीन गोष्टी लागतातच. नवशिके नेमके वेळेपाशी अडतात. वाचकासाठी तारीख मराठी अंकांत शोभून दिसते, पण यंत्राच्या रकान्यात ती इंग्रजी अंकांत, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस या क्रमाने लिहावी लागते. सायंकाळचे ६ तिथे १८ होतात आणि शेवटी भारतीय वेळेची ‘अधिक साडेपाच तास’ ही खूण जोडावी लागते. ही जोड राहिली, तर अमेरिकेतून ऑनलाइन कार्यक्रम पाहणाऱ्या मुलीला किंवा मुलाला चुकीची वेळ कळण्याचा धोका असतो. नावाच्या रकान्यात फक्त नाव असावे. ‘भव्य’, ‘प्रवेश विनामूल्य’, ‘त्वरा करा’ अशी भर तिथे घालू नये.

पावसामुळे कार्यक्रम पुढे गेला, गायक बदलला, जागा बदलली, असे नेहमीच घडते. रद्द, लांबणीवर आणि नव्या तारखेला या तीन अवस्थांसाठी त्या शब्दसंग्रहात वेगळी नोंद आहे. पान काढून टाकण्यापेक्षा ही नोंद बदलणे केव्हाही चांगले. जुनी वेळ ऐकून लांबून आलेला माणूस बंद दारावरून परत जातो, तेव्हा त्याचा त्या संस्थेवरचा विश्वास उडतो. या कामातली खरी जबाबदारी इथे आहे. दरवर्षी होणाऱ्या कार्यक्रमाचा इंटरनेटवरचा पत्ताही एकच कायम ठेवावा आणि त्यावरची माहिती बदलत जावी.

भाषेची बाजू सर्वांत रसाळ आहे. टाइप करणारा माणूस दोन-तीन शब्दांत भागवतो. बोलणारा ‘उद्या मठात प्रवचन कुणाचं आहे’ असे पूर्ण वाक्य विचारतो. हैदराबादी मराठी घरात त्याच वाक्यात एखादा दखनी किंवा तेलुगू शब्द सहज येऊन बसतो. नल्लकुंटा कुणी नल्लाकुंटा लिहितो, काचीगुडा कुणी काचिगुडा. ऐकताना यंत्रही विशेषनामांपाशी अडखळते. म्हणून लोक विचारतात तसे प्रश्न पानावर घेऊन प्रत्येकाखाली एका वाक्यात थेट उत्तर द्यावे, त्याखाली हवा तर विस्तार करावा. तीच माहिती तेलुगू आणि इंग्रजीतही असेल, तर प्रत्येक भाषेचे पान वेगळे करून त्यावर भाषेची खूण द्यावी. तीन-चार भाषा कानावर घेऊन वाढलेल्या मुलांचे बळ इथे उपयोगी पडते आणि घरच्यांनी ते कमी लेखू नये.

पालकांची पहिली शंका रास्त असते : या कामाला नोकरी म्हणून नाव काय? ‘आवाजी शोध तज्ज्ञ’ अशा पदाच्या भरवशावर शिक्षण आखू नये. हे काम एसईओ (शोधयंत्रात पान वर आणण्याचे काम) एक्झिक्युटिव्ह, वेब डेव्हलपर, कंटेंट रायटर किंवा लोकलायझेशन करणाऱ्याच्या रोजच्या कामाचा एक हिस्सा असते. बोलून चालणाऱ्या यंत्रांचे संवाद लिहिणे आणि भाषांची ध्वनिसामग्री तपासणे ही त्याच्या शेजारची कामे आहेत.

इंटरला एमपीसी (गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र) घेतलेल्यांना अभियांत्रिकीची वाट आहेच. भाषा आणि संगणक दोन्हींची ओढ असेल, तर गच्चीबावलीच्या ट्रिपल आयटीत संगणकीय भाषाविज्ञानाची जोडपदवी आहे. तिथला प्रवेश मात्र कठीण. सीईसी किंवा एचईसीच्या, म्हणजे वाणिज्य किंवा इतिहास गटाच्या, विद्यार्थ्याने निराश होण्याचे कारण नाही. ‘दोस्त’ या ऑनलाइन प्रवेशपद्धतीतून बीकॉम कॉम्प्युटर्स किंवा बीए घेऊन सोबत एचटीएमएल शिकता येते. पुढे भाषाविज्ञानासाठी उस्मानिया विद्यापीठाला लागून असलेले इफ्लू आणि हैदराबाद विद्यापीठ ही दोन केंद्रीय विद्यापीठे शहरातच आहेत.

एखाद्या खासगी वर्गाची फी भरण्यापूर्वी एक गोष्ट पक्की माहीत असावी. संकेतस्थळावर लोक कोणत्या शोधांतून आले हे दाखवणाऱ्या गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये बोलून केलेले शोध आणि टाइप केलेले शोध वेगळे दाखवले जात नाहीत. त्यामुळे आवाजी शोधात पहिला क्रमांक मिळवून देण्याची हमी कुणी देत असेल, तर ती हमी मोजणार कशी, हे विचारावे. अमीरपेटेत असो वा ऑनलाइन, ज्या वर्गात स्वतःच्या हाताने पान बांधायला लावतात तोच निवडावा. सर्च कन्सोल, नोंदी तपासणारी गुगलची रिच रिझल्ट्स चाचणी आणि पानाचा वेग मोजणारे लाइटहाउस ही साधने फुकट आहेत. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, हा गुगलचा निकष साध्या फोनवर तपासून पाहता येतो.

सराव घराजवळच करता येतो. ओळखीच्या एखाद्या मंडळाची परवानगी घेऊन त्याच्या वर्षभराच्या कार्यक्रमांचे पान बांधावे. घरातल्या वडीलधाऱ्यांना फोनवर बोलून त्याविषयी प्रश्न विचारायला सांगावे आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवावेत. यंत्राने काय ऐकले, काय उत्तर दिले, तेही शेजारी लिहावे. जिथे चुकले तिथे पान बदलावे आणि पुन्हा विचारावे. बदल शोधयंत्रापर्यंत पोचायला काही दिवस किंवा आठवडे लागतात, तेवढा धीर हवा. मराठी ऐकण्यात यंत्र सुधारावे असे वाटत असेल, तर मोझिलाच्या कॉमन व्हॉइसला किंवा केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या भाषिणीच्या भाषादान उपक्रमाला आपला आवाजही देता येतो. मुलाखतीला जाताना आधीचे पान, नंतरचे पान आणि ती वही बरोबर न्यावी. कोणता बदल का केला हे उमेदवाराला सांगता आले, तर प्रमाणपत्राची चौकशी बहुधा त्यानंतरच होते.