आधी कण मोजा, मग कोटेशन मागवा

हवेच्या किंवा पाण्याच्या प्रवाहात दाणे कसे हलतात, कसे आपटतात हे संगणकावर पाहायचे सॉफ्टवेअर फुकटही मिळते आणि वर्षाला काही लाख मोजूनही. पण एकूण खर्च ठरतो तो कणांच्या संख्येवर, आणि ती काढायला कागद-पेन्सिल पुरते.

साखर वाळवायचे यंत्र घ्या. खालून गरम हवा, वर उसळणारी साखर. दाणा एक मिलिमीटरचा धरला तर लिटरभर साखरेत साधारण ११ लाख दाणे होतात. दाणा ०.१ मिलिमीटरचा असेल तर हजारपट. त्यात टक्कर क्षणार्धात उरकत असल्याने गणिताचे एकेक पाऊल अनेकदा सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाएवढे ठेवावे लागते. म्हणजे १० सेकंदांसाठी १ कोटी पावले. म्हणून पुष्कळ दाण्यांच्या जागी एकच मोठा कण धरतात. वेळ वाचतो, अचूकता काहीशी जाते. तुमच्या कामात हे चालेल का, हे विकणाऱ्याला स्पष्ट विचारा.

नवख्याने सुरुवात एमफिक्सपासून करावी, असे माझे ठाम मत आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या एनईटीएल प्रयोगशाळेचे हे सॉफ्टवेअर नोंदणी केली की मोफत मिळते. दुसरा मोफत मार्ग म्हणजे प्रवाहासाठी ओपनफोम, कणांसाठी लिग्ट्स आणि दोन्ही जोडायला सीएफडीईएम-कपलिंग. यात मोकळीक भरपूर, पण लिनक्सवर हात बसलेला माणूस हवा, आणि त्याचा पगार हाच तुमचा खर्च. ओपनफोम शिकायला आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचे धडे मोफत आहेत.

अॅन्सिस फ्लुएंट, रॉकी, ईडेम या विकतच्या सॉफ्टवेअरसाठी कोटेशन मागवावे लागते. त्यात कण आणि प्रवाह यांची लायसन्स वेगवेगळी आहेत का, किती कोअर मिळतात, जीपीयूचे पैसे वेगळे का, पुढच्या वर्षी नूतनीकरण कितीला, हे लेखी घ्या. वर १८ टक्के जीएसटी. कॉलेजचे शैक्षणिक लायसन्स कंपनीच्या कामाला वापरू नका. अटींत ते बसत नाही.

विजेचा खर्च त्या मानाने किरकोळ: ५०० वॅटचा संगणक अखंड चालला तर दिवसाला १२ युनिट.

पैसे खरे वसूल होतात ते सॉफ्टवेअरचे उत्तर प्रत्यक्षाशी ताडून पाहण्याच्या तपासणीत, आणि तीच सर्रास टाळली जाते. उभ्या पाइपात साखर भरा, पाइप हळूच वर उचला, पडलेल्या ढिगाचा उतार कोनमापकाने मोजा. सॉफ्टवेअरमध्ये घर्षणाचे वेगवेगळे आकडे घालूनही तोच उतार येऊ शकतो, म्हणून एवढ्यावर थांबू नका. नरसाळे रिकामे व्हायला किती सेकंद लागतात तेही मोजा. मग हवा सोडून थराच्या खाली-वरच्या दाबातला फरक नोंदवा. हे तीन आकडे हाताशी ठेवूनच विक्रेत्याकडे चाचणी-मुदत मागा, आणि त्याच्या तयार नमुन्यांऐवजी तुमचीच साखर त्याच्याकडून चालवून घ्या.